जिवंत आहेस का?

पूर्वी सर्व्हर पडला की तो पडलेला दिसायचा. आमच्या जुन्या ऑफिसात सर्व्हरना किल्ल्यांची नावं होती. राजगडावर डेटाबेस, तोरण्यावर मेल, सिंहगडावर बिलिंग. रात्री फोन यायचा, "सिंहगड पडला." मग कोणीतरी हमखास "गड गेला" म्हणायचं, बाकीचे हमखास हसायचे नाहीत, आणि आम्ही सर्व्हर रूममध्ये एसीच्या थंडीत कुडकुडत त्या खोक्यासमोर उभे राहायचो. पण तो तिथे असायचा. लॉग फाइल जिथे थांबली तिथे थांबलेली, डिस्क जिथे भरली तिथे भरलेली. पंचनाम्याला सगळं जागच्या जागी.

आता सगळं कुबरनेटीसवर आहे आणि तिथे कोणी पडून राहत नाही. पडलेल्याला उचलून बाजूला टाकतात, त्याच्या जागी तसाच दुसरा उभा करतात. तुम्ही लॅपटॉप उघडून, पासवर्ड घालून, व्हीपीएन जोडून, ओटीपीची वाट बघून आत पोचेपर्यंत सारवून-पुसून लख्ख. मेला कोण, कशाने, शेवटचं काय बोलला, पत्ता नाही. नवा मात्र हजर असतो आणि सांगतो, रनिंग.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही (सुखी आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१३ साली डॉकर आलं आणि प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या लवाजम्यासह कंटेनरमध्ये बंद करून कुठेही चालवायची सोय झाली. कंटेनर शेकड्यांनी वाढले, तेव्हा ते सांभाळणार कोण हा प्रश्न आला. गूगलकडे स्वतःपुरती बोर्ग नावाची यंत्रणा होतीच. त्या अनुभवावर त्यांनी २०१४ मध्ये कुबरनेटीस सगळ्यांसाठी खुलं केलं. २०१५ च्या जुलैत १.० आलं आणि तेव्हापासून जगातले बरेच इंजिनिअर रात्री नीट झोपलेले नाहीत. तत्त्व मोठं गोड आहे. तुम्ही फक्त काय हवं ते लिहून द्यायचं: या सर्व्हिसच्या तीन प्रती कायम चालू पाहिजेत. बाकी यंत्रणा बघते. एक मेली की दुसरी. याला सेल्फ-हीलिंग म्हणतात, आणि विकायला येणारी माणसं हा शब्द उच्चारताना डोळे किंचित मिटतात.

माझी तक्रार या गुणाबद्दलच आहे. आपोआप बरं होतं, पण काय झालं होतं ते कळत नाही. आणि ज्या रात्री आपोआप बरं होत नाही, त्या रात्री ते होण्याचा प्रयत्न इतक्या चिकाटीने करत राहतं की तुम्हाला मध्ये बोलायला जागा मिळत नाही.

त्या रात्रीचा मामलाही बिलिंगचाच होता. पाळी माझी. मोबाइल दीड वाजून गेल्यावर कोकलला. लॅपटॉप डायनिंग टेबलवर मांडला आणि टर्मिनलमध्ये टाइप केलं, 'के गेट पॉड्स'. (पॉड म्हणजे कंटेनर ज्यात चालतो ती डबी, सर्व्हिसच्या प्रत्येक प्रतीला एक. मूळ कमांड क्यूबसीटीएल. पण ती दिवसातून इतक्या वेळा लिहावी लागते की सगळ्यांनी तिचं नुसतं 'के' करून टाकलंय.) उत्तर आलं: नो रिसोर्सेस फाउंड. काहीही सापडलं नाही. इथे पोटात गोळा येतो. तो दरवेळी येतो, आणि दरवेळी कारण एकच असतं: नेमस्पेस (म्हणजे कुठल्या कप्प्यात बघायचं ते) सांगायचा राहिलेला असतो. वजा-एन बिलिंग जोडलं की मंडळी दिसतात. अनुभवाने गोळा लहान होत नाही, लवकर जातो इतकंच.

तर मंडळी दिसली. तीन पॉड. तिघांच्या पुढे रेडी शून्य भागिले एक (म्हणजे एकापैकी एकही तयार नाही), आणि स्टेटस, क्रॅश-लूप-बॅक-ऑफ. म्हणजे पडतोय, उठवतोय, पुन्हा पडतोय, आणि आता उठवायच्या आधी जरा थांबतोय. आधी दहा सेकंद थांबतं, मग वीस, मग चाळीस, असं दुप्पट करत पाच मिनिटांपर्यंत. तिथून पुढे वाढत नाही. रात्री दोन वाजता पाच मिनिटं म्हणजे नेमकी किती, तर लॉग बघायला टपून बसलेल्या माणसाचा डोळा लागावा आणि पॉड तेवढ्यात उठून, मरून, पुन्हा झोपी जावा, इतकी.

एव्हाना कॉल सुरू झाला होता. मॅनेजर नागपूरचे. मूळचे भले गृहस्थ आहेत, पण रात्री त्यांना दोनच वाक्यं येतात. पहिलं: "काय करून राहिला बे?" दुसरं थोड्या वेळाने सांगतो. क्लस्टरची (म्हणजे हे सगळं चालवणाऱ्या मशीनच्या ताफ्याची) व्यवस्था बघणारी सहकारी कोल्हापूरची. ती गाढ झोपेतून उठूनही शुद्धीत असते, हे मी तिच्याबद्दल आदराने सांगतो.

"कुठला पॉड बघतोयस?" तिने विचारलं.

आता पॉडचं नाव सांगणे. सिंहगडाचे दिवस गेले. नव्या नावात आधी सर्व्हिसचं नाव, मग दहाएक अक्षरांची भेळ, मग आणखी पाच अक्षरांची. या भेळेत इंग्रजी स्वर मुद्दाम घालत नाहीत. ए, ई, आय, ओ, यू वर्ज्य. शून्य, एक आणि तीन हे आकडेही वर्ज्य, कारण ते ओ, आय आणि उलट्या ई ची नक्कल करतात. हे सगळं कशासाठी, तर अक्षरं उधळताना चुकून एखादी शिवी तयार होऊ नये. म्हणजे यंत्रणेने शिवी नावातून काढली आहे. ते नाव फोनवर वाचून दाखवणाऱ्याच्या तोंडातून काढायची सोय अजून व्हायची आहे.

"शेवटचे पाच सांगतो. डी, चार, बी, के, एल."

"डी का बी?"

"डी. डोंबिवलीचा. मग चार. मग बी, बारामतीचा. के कराडचा, एल लातूरचा."

"पी?"

"बी! बारामती!"

"बारामतीवाला सापडला," ती म्हणाली. त्या रात्रीपुरते आमचे तीन पॉड बारामती, नांदेड आणि जळगाव झाले आणि कामाला जरा माणुसकी आली.

लॉग मागवला. रिकामा. कारण बारामती नुकताच पुन्हा उठला होता आणि त्याने अजून तोंड उघडलं नव्हतं. मेलेल्याचं बोलणं ऐकायचं तर लॉगच्या कमांडला 'प्रीव्हियस' जोडावं लागतं. तेही फक्त अलीकडच्या एका मेलेल्याचं मिळतं. त्याच्या आधी गेलेले गेले. लॉग उघडला, तर त्यात वेळ आठ-सव्वाआठची. सगळे क्षणभर गोंधळले. लॉग ग्रिनिचच्या घड्याळाने बोलतो. त्यात साडेपाच तास मिळवायचे. वीस वाजून बारा मिनिटं म्हणजे आपल्याकडे एक बेचाळीस. दोन वाजता हे साडेपाच तास बोटांवर मिळवून बघा, बोटं कमी पडतात.

आमची बिलिंगची सर्व्हिस सुरू होताना सगळी दरपत्रकं मेमरीत भरून घेते आणि प्रत्येकाची एकेक ओळ लॉगमध्ये लिहिते. दरपत्रक अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ, एकसष्ट. आणि संपलं. ना एरर, ना निरोप.

"एकसष्ट नंबरात घाण आहे," कॉलवरचा टेस्टर म्हणाला. टेस्टर लोकांचा घाणीवर फार लवकर विश्वास बसतो. त्याने लगेच एकसष्टाव्या दरपत्रकाची तपासणी सुरू केली. पुढच्या वेळी बारामती चोपन्नवर मेला. नांदेड अडुसष्टवर. टेस्टरने तिन्ही दरपत्रकं तपासायला घेतली.

मग 'डिस्क्राइब'. ही कमांड पॉडची सगळी कुंडली काढून देते, आणि ती एवढी लांब असते की हवी ती ओळ नेहमी वर निघून गेलेली असते. ती ओळ अशी होती: एक्झिट कोड १३७.

१३७ हा आकडा कॉलवर मोठ्याने म्हणायचा नसतो. मी म्हणालो. आणि मॅनेजरना त्यांचं दुसरं वाक्य सापडलं.

"मेमरी वाढव ना बे."

आमच्या धंद्यात १३७ म्हणजे मेमरी, ही श्रद्धा आहे. खरं तर १३७ म्हणजे १२८ अधिक ९. नऊ नंबरचा सिग्नल म्हणजे सिगकिल, म्हणजे कोणीतरी बाहेरून थेट मारलं. मेमरी संपली म्हणून मारलं असेल तर शेजारी कारणही लिहिलेलं असतं: ओओएम-किल्ड. इथे कारणापुढे नुसतंच 'एरर' होतं. हे मी समजावून सांगितलं. मॅनेजरनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. तरी वाढव."

वाढवली. दुप्पट. बदल गिटमध्ये (म्हणजे कोणी काय बदललं त्याच्या नोंदवहीत) टाकावा लागतो आणि त्याला दोन जणांची मंजुरी लागते; ही मंजुरी त्या रात्री विक्रमी वेळात मिळाली. नवा पॉड निघाला आणि 'पेंडिंग' होऊन बसला. इव्हेंटमध्ये लिहून आलं की सहाच्या सहा मशीनवर एवढी मेमरी शिल्लक नाही. म्हणजे आता जुने मरत होते आणि नवा जन्माला यायला तयार नव्हता.

"आता काय करून राहिला?" मॅनेजर.

मी आत शिरून बघायचं ठरवलं. 'एक्झेक' कमांडने चालू कंटेनरच्या आत शेल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडता येतं. उघडेना. एसएच नावाची फाइलच नाही म्हणे. मग आठवलं, सुरक्षावाल्यांनी गेल्या वर्षी सगळ्या इमेज (ज्यांतून कंटेनर निघतात ते साचे) डिस्ट्रोलेस केल्या. आत शेल नाही, एलएस नाही, कॅट नाही. चोर आत शिरला तर त्याच्या हाती काही लागू नये. चोर येईल तेव्हा येईल. तूर्त माझ्या हाती काही लागत नव्हतं.

त्यावरही उपाय निघालाय. २०२२ मध्ये १.२५ आवृत्तीत पक्का झालेला इफेमरल कंटेनर. चालू पॉडच्या आत आपला एक साधनसामग्रीवाला कंटेनर सोडायचा आणि शेजारच्याच्या प्रोसेस बघायच्या. सोडला. प्रोसेसची यादी आली. जावा नीट चालू होतं, घाम गाळत होतं. मी डोळे बारीक करून वाचतोय तोवर माझंच शेल बंद पडलं. एक्झिट कोड १३७. कारण मी ज्याच्या प्रोसेस बघायला गेलो होतो त्याच्याच घरात राहत होतो. घरधनी गेला की लिनक्सचा कर्नल घरातल्या सगळ्यांना घेऊन जातो. आणि हा पाहुणा एकदा पॉडमध्ये घातला की काढताही येत नाही. पॉड असेपर्यंत त्याचं नाव यादीत राहतं.

या सुमारास बाबा पाणी प्यायला उठले. वीज मंडळातून निवृत्त झालेत, त्यामुळे रात्री कोणी बंद पडलेलं काही दुरुस्त करत असेल तर त्यांना राहवत नाही. थोडा वेळ खुर्चीमागे उभे राहिले.

"अरे, एकदा बंद करून चालू कर की."

"बाबा, ते स्वतःच मघापासून तेवढंच करतंय."

"मग?"

"मग काही नाही."

"आमच्याकडे असं आपोआप चालू व्हायला लागलं तर आम्ही आधी ते आपोआप बंद करायचो," असं म्हणून ते झोपायला गेले.

सापडलं ते कोल्हापूरला. "थांब की जरा," ती म्हणाली. "कुठल्या दरपत्रकावर मरतंय ते सोड. किती वेळाने मरतंय ते बघ." बघितलं. बारामती एकसष्टवर मेला काय, चोपन्नवर मेला काय, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दरवेळी ऐंशी सेकंदांच्या आसपास. नांदेडचंही तेच. जळगावचंही तेच. टेस्टरने चौथं दरपत्रक खाली ठेवलं.

मग तिने डिस्क्राइबच्या तळाची ओळ वाचून दाखवली. ती ओळ पहिल्यापासून तिथेच होती आणि सगळ्यांनी वाचलीही होती: लाइव्हनेस प्रोब फेल्ड, कनेक्शन रिफ्यूज्ड. पण पॉड मेलाय म्हणून प्रोब फेल जातोय, असं सगळे धरून चालले होते. कार्यकारण उलटं होतं. प्रोब फेल जात होता म्हणून पॉड मरत होता.

लाइव्हनेस प्रोब म्हणजे काय, ते सांगतो. यंत्रणा ठरावीक वेळाने कंटेनरचं दार वाजवते: जिवंत आहेस का? दर दहा सेकंदांनी. उत्तर एका सेकंदात यायला हवं. लागोपाठ तीनदा आलं नाही, तर तो मेला असं समजून त्याला मारून टाकतात. हे वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचा. माझी आई शाळेच्या दिवसांत स्वयंपाकघरातून अशीच "उठलास का?" विचारायची आणि तिसऱ्या हाकेनंतर तांब्याभर पाणी यायचं. पण तोंडात टूथब्रश आहे म्हणून ओ देता येत नाही, एवढं आईला कळायचं.

मारण्याआधी शिष्टाचार म्हणून सिगटर्म पाठवतात: आवरून घे, ३० सेकंद देतो. आणि आमची जावाची सर्व्हिस इतकी कर्तव्यदक्ष, की तिला बंद व्हायचं असेल तर आधी पूर्ण सुरू व्हावं लागतं. अर्धवट सुरू असताना ती बंदच होऊ शकत नाही. ती म्हणते, थांबा, एवढं सुरू होऊन घेते मग लगेच बंद होते. तीस सेकंद संपतात. सिगकिल. १३७.

हिशेब जुळला. सुरुवातीची मोकळीक ३० सेकंद, तिथून तीन हाका म्हणजे पन्नासच्या पुढे, त्यात आवराआवरीचे तीस. ऐंशी. आणि दरपत्रकं भरायला लागत होती जवळजवळ अडीच मिनिटं. ही तीस सेकंदांची मोकळीक लिहिली तेव्हा सर्व्हिस वीस सेकंदांत उठत होती. मग दर महिन्याला नवी दरपत्रकं येत गेली. सर्व्हिसचं उठणं जड होत गेलं, पण उठायची वेळच आली नाही, कारण ती कित्येक महिने बंदच पडली नव्हती. त्या संध्याकाळी मशीनच्या अपग्रेडसाठी सगळे पॉड एकीकडून काढून दुसरीकडे बसवले. तिघे एकाच मशीनवर, एकाच वेळी, एकमेकांचा सीपीयू ओरबाडत उठायला लागले. त्या हलवाहलवीची नोंदही तोवर गेली होती. इव्हेंट मुळात तासभरच ठेवतात. तीस हा आकडा कोणी लिहिला, हे गिट ब्लेमने सांगितलं. ते गृहस्थ आता व्हँकुव्हरला असतात. तिथे तेव्हा दुपार होती.

यावर औषध आहे, स्टार्टअप प्रोब. २०२० च्या अखेरीस १.२० मध्ये पक्का झालाय. तो म्हणतो, हा पूर्ण उठेपर्यंत जिवंत आहे का हे कोणी विचारायचं नाही. दहा-दहा सेकंदांनी तीस हाका, म्हणजे पाच मिनिटं सवलत. चार ओळींचा बदल. मंजुरीला मॅनेजर हवेत. मॅनेजर कॉलवर होते, पण आवाजावरून ते झोपले आहेत हे उघड होतं. म्हणून मी गिटला वळसा घालून थेट क्लस्टरमध्ये डिप्लॉयमेंट (म्हणजे 'काय हवं' ते लिहिलेला कागद) एडिट केली. व्हीआय उघडलं, यॅमलच्या स्पेस मोजून घातल्या, सेव्ह केलं. पॉड निघाला. आणि काही सेकंदांत चार ओळी गायब. पुन्हा घातल्या, पुन्हा गायब.

"आर्गो पुसतंय की ते," कोल्हापूर म्हणाली.

आर्गोचं काम एकच: क्लस्टरमध्ये काय आहे आणि गिटमध्ये काय लिहिलंय यात फरक दिसला की क्लस्टर पूर्ववत करायचा. या सोयीचं नावही सेल्फ-हील आहे. म्हणजे एक सेल्फ-हीलिंग पॉडला मारत होतं आणि दुसरं सेल्फ-हीलिंग पहिल्याचं औषध पुसत होतं. दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर.

शेवटी मॅनेजरना फोन करून उठवलं. त्यांनी बदल न वाचता मंजूर केला आणि म्हणाले, "मेमरीचं पण टाकलं ना त्यात?" मेमरी आम्ही त्यातच गुपचूप मूळ आकड्यावर आणली होती. मग तीन नवे पॉड, तीन नवी नावं, शून्य भागिले एक. दरपत्रक साठ. नव्वद. कोणीतरी माइक चालू ठेवून चिवडा खात होतं. एकशे चाळीस. मग एक भागिले एक. तिघेही.

सकाळी अकराला मॅनेजरचं मेल क्लायंटला गेलं, सीसीत मी. रात्री नियोजित देखभालीनंतर बिलिंग सेवेत तात्पुरता व्यत्यय आला होता. प्लॅटफॉर्मच्या सेल्फ-हीलिंग क्षमतेमुळे सेवा पूर्ववत झाली. क्लायंटचं उत्तर दुपारपर्यंत आलं. ते फार प्रभावित झाले होते. त्यांच्या उरलेल्या चार सर्व्हिसनाही ही क्षमता लावून मिळेल का, असं विचारलं होतं.

पाठोपाठ मॅनेजरचा मेसेज. "मस्त काम केलं रात्री. आता फक्त मेमरी वाढवून ठेव ना बे. असू दे."